अण्णांची गाडी चढावर का थांबली

आमची जुनी गाडी विकायला आई एकदाची तयार झाली, ती एका होमस्टेवाल्यामुळे. त्याला ती त्याच्या फाटकाशी उभी करून ठेवायची होती. पुण्या-मुंबईचे पाहुणे येणार, टपाला टेकून फोटो काढणार. "चालू नसली तरी हरकत नाही, ताई," तो मला म्हणाला, "उलट बरंच. बॉनेट उघडून आत सदाफुली लावतो." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अण्णांच्या गाडीत सदाफुली! मी म्हटलं, गाडी देईन, पण चालू करून देईन, आणि तोवर इकडे फिरकू नकोस. तो बिचारा हसत हसत गेला. आमच्या घराचा तोंडाळपणा सगळ्या दिवेआगराला ठाऊक आहे.

खरं कारण मी त्याला सांगितलं नाही. गाडी चालू होते की नाही याचं मला फारसं काही नव्हतं. ती त्या दिवशी बंद का पडली, हे मला शोधायचं होतं. आणि तेही गाडीसाठी नव्हे, माझ्या मोठ्या भावासाठी. दादाच्या डोक्यावर त्या दिवसाचं खापर फुटलं, ते आजतागायत तसंच होतं.

गोष्ट तीसेक वर्षांपूर्वीची. अण्णा, म्हणजे आमचे वडील, हायस्कुलात गणित शिकवायचे आणि उरलेल्या वेळात नारळ-सुपारीची वाडी बघायचे. गाडी त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून जुनीच घेतली होती. तेव्हाच्या टॅक्स्या असायच्या त्याच घाटाची, फक्त रंग फिका हिरवा. दादाला तिचं वेड. दर दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, वाडीतले कोयते, पहारी, कुदळी धुऊनपुसून ओळीने मांडायच्या आणि दादाने गाडी धुवायची, अशी आमच्याकडची वाटणी. तो नुसती बाहेरून धुवायचा नाही. बॉनेट उघडून, रॉकेलच्या बोळ्याने इंजिनाचा कण न् कण पुसून काढायचा. "त्यात काय आता तोंड बघतोस?" असं अण्णा त्याला म्हणायचे.

त्या वर्षी त्याने आणखी एक काम केलं. चारही प्लग बदलले. नवे प्लग त्याने माणगावहून स्वतः जाऊन आणले होते. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, संध्याकाळी सगळे गाडीतून सोनं वाटून आले. गाडी लोण्यासारखी चालत होती. मी तेव्हा पनवेलला नोकरीला. दसऱ्यापुरती आले होते, दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने परत गेले. आणि त्याच दुपारी जेवून उठताना अण्णांच्या छातीत कळ आली.

दादाने त्यांना मागच्या सीटवर निजवलं. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. बोर्लीपर्यंत सपाट रस्ता, गाडी धड गेली. पुढे म्हसळ्याकडे जाताना चढ लागतो. चढावर गाडी गचके द्यायला लागली, मिसिंग मारायला लागली, आणि अर्ध्या चढावर थांबलीच. दादाने पाना घेतला, प्लग काढले, पुसले, परत बसवले. गाडी चालू व्हायची, हातभर जायची, की पुन्हा थांबायची. शेवटी मागून एक विटांचा ट्रक आला, त्यात अण्णांना घातलं. माणगावच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आई काही आरडाओरडा करणारी बाई नव्हे. तिने दादाला एका शब्दाने विचारलं नाही. फक्त तेराव्याला, माणसं जेवायला बसली असताना, वाढता वाढता म्हणाली, "चांगली चालत होती गाडी. याने प्लगला हात लावला नसता, तर हे आज असते." बस्स. दादा पंगतीत ताक वाढत होता. त्याने ताकाचं भांडं खाली ठेवलं आणि मागल्या दाराने वाडीत गेला.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. प्लग बदलले आणि गाडी थांबली, झालं. खरं तर चढावर ते प्लग काढून, पुसून परत बसवले तरी फरक पडला नाही, यातच काय ते उत्तर होतं. पण असा विचार करायला तेव्हा कुणाचं डोकं ठिकाणावर होतं? दादाचं तर नव्हतंच. त्यालाही तेच वाटत होतं. वर्षभरात त्याने रेवदंड्याच्या शाळेत नोकरी धरली आणि तिकडेच बिऱ्हाड केलं. गणपतीला यायचा, आरतीला मागे उभा राहायचा, जेवायचा, आणि दुपारच्या लाँचने खाडी ओलांडून परत. आई त्याला पान वाढायची, पण "राहा" म्हणायची नाही. पुढे त्याने कधी कुठल्याच गाडीचं स्टिअरिंग हातात धरलं नाही. वहिनी स्कूटर चालवायची आणि हा सहा फुटी माणूस पिशवी घेऊन मागे बसायचा. रेवदंड्यात लोक त्याची थट्टा करत. तो हसून घ्यायचा.

आणि गाडी? ती ओढून आणली आणि वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये ढकलली. आईने दाराला कुलूप घातलं, चावी स्वतःच्या कनवटीला. मी दोन-तीनदा मागून बघितली. मी आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गातल्या पोरांना शिकवायची, वीज कुठे नीट जाते आणि कुठे चोरवाट काढते हे बघण्यात माझा जन्म गेला, म्हणून मला वाटायचं की एकदा डोकवावं. आई म्हणायची, "मेलेल्या माणसाचं काय उकरायचंय तुला?" मग वादळ आलं. त्या वादळाने आमच्या निम्म्या पोफळी आडव्या केल्या, शेडचे पत्रे शेजारच्या वाडीत नेऊन टाकले, आणि गाडी उघड्यावर आली. मी तिच्यावर ताडपत्री बांधली. पण तेव्हा घरालाच छप्पर नव्हतं, गाडीकडे बघायला वेळ कुणाला? पुढे मी निवृत्त झाले, आईजवळ राहायला आले, शेडला नवे पत्रे घातले. तरी ती हात लावू देईना. होमस्टेवाल्याने मागणी घातली, तेव्हा कुठे ती म्हणाली, "न्या एकदाचं ते धूड."

तर अशी ती गाडी एका नोव्हेंबरात माझ्या हाती आली.

पहिल्या दिवशी बॉनेट उघडलं आणि माझा धीरच खचला. उंदरांनी हवेच्या फिल्टरमध्ये सुपारीच्या सालींचं बाळंतघर केलं होतं. खाऱ्या वाऱ्याने जिथे जिथे लोखंड दिसत होतं तिथे तिथे खपल्या. टाकीतल्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास. शेजारचा टेम्पोवाला बघायला आला, कमरेवर हात ठेवून म्हणाला, "बाई, ही काय आता चालायची न्हाय." मी म्हटलं, "तुझी बॅटरी मला चार दिवस दे आणि तुझं मत तुझ्याजवळ ठेव." बॅटरी दिली हो त्याने.

आई पडवीत आडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसायची आणि तिथून तोंड चालू. "काय गो, बायकांनी गाड्या उघडायच्या, मग पुरुषांनी काय वाती वळायच्या?" मी म्हणायची, "वळू देत की! देवाला काय, वात कुणीही वळली तरी चालते." मग ती हसायची. शहाऐंशी वर्षांची झाली होती, पण हसली की अजून लहान दिसायची. त्या दिवसांत आमचं दोघींचं चांगलं जमलं होतं, हे आज आठवलं की जास्त वाईट वाटतं.

आधी प्लग काढले. मनात धाकधूक होती, कारण सगळं बालंट त्यांच्यावरच होतं. पान्याला पाइप लावून ताकद घालावी लागली, इतके ते घट्ट बसलेले. बाहेर काढून पुसले, तर फट चारींचीही सारखी, चिनीमातीला तडा नाही. दादाचं काम होतं ते, वाकडं कसं असेल? प्लगच्या भोकांतून इंजिनात तेल सोडलं आणि आठवडाभर मुरू दिलं, लोणचं मुरवतात तसं. तोवर कार्बोरेटर खोलून धुतला. ठिणगीचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले. टाकीची भानगडच नको म्हणून पेट्रोलची बाटली वर टांगली आणि नळीने जोडली. मग पुढून हँडल मारलं. पहिल्या दिवशी इंजिन जागचं हललं नाही. दुसऱ्या दिवशी हललं. तिसऱ्या दिवशी एक ठसका, काळा धूर, आणि गाडी चक्क चालू! मी एकटीच ओरडले. पडवीतला आडकित्त्याचा आवाज थांबला.

चालू झाली खरी, पण कशी? लंगडत. अख्खी गाडी हादरत होती, बॉनेट खडखड वाजत होतं. हेच ते मिसिंग. मला आनंदच झाला. रोगी बरा होऊन आला असता, तर रोग कसा सापडला असता?

घोडं कुठे पेंड खातं हे शोधायची रीत सोपी आहे. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर उपटायची. उपटल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर तो आधीच मेलेला. मी रबरी हातमोजे घातले आणि पुढून सुरुवात केली. पहिली वायर काढली, इंजिन बंद पडता पडता राहिलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, काही नाही. चौथी काढली, काही नाही. म्हणजे मागचे दोन सिलिंडर नुसते बसून होते, आणि सगळं ओझं पुढचे दोन वाहत होते. पुढचे प्लग मागे घातले, मागचे पुढे. तरी मागचेच मेलेले. वायरी बदलून पाहिल्या, तेच. म्हणजे प्लग निर्दोष, वायरी निर्दोष. इंजिनाच्या पोटातही दोष नव्हता, हँडल मारताना चारही सिलिंडर सारखाच जोर धरत होते. राहिली ती एकच जागा, डिस्ट्रिब्युटर. चारही सिलिंडरांना पाळीपाळीने ठिणगी वाटतो तो. पंगतीतल्या वाढप्यानेच दोन पानं गाळली, तर जेवणाऱ्यांचा काय दोष?

भरदुपारी मी शेडची दारं लावून घेतली, फटींना पोती कोंबली आणि अंधार केला. इंजिन चालू केलं आणि डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाकडे बघत उभी राहिले. डोळे अंधाराला सरावले आणि मला ती दिसली. झाकणावर वायरी खोचायच्या उंच नळ्या असतात, त्यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या नळीच्या मध्ये एक बारीक निळी ठिणगी सरपटत होती. प्लगपर्यंत जायच्या ऐवजी वाटेतच इकडून तिकडे उड्या मारत होती.

इंजिन बंद केलं, दारं उघडली, झाकण काढून उजेडात आणलं. दोन नळ्यांच्या मध्ये एक जळकी काळी रेघ होती. आणि त्या रेघेवर कसलंसं कवच, तांबूस, पिवळट, कडेने हिरवं पडलेलं. नखाने खरवडलं. ओलं करून बोटावर घेतलं, वास घेतला. खवट खोबऱ्याचा वास. आणि त्या कवचात रुतून बसलेला एक तांदूळ. एका बाजूने कुंकवाने लाल, एका बाजूने जळून कोळसा झालेला. अक्षता होती ती.

मी तिथेच चाकाला टेकून खाली बसले.

त्या दसऱ्याची पूजा मी डोळ्यांनी पाहिली होती. सगळे लोक चाकाला हळदकुंकू लावतात, चाकापुढे नारळ फोडतात. आमच्या आईला ते कधीच पटलं नाही. "चाकं म्हणजे चपला," ती म्हणायची. "चपलांची कसली पूजा करता? हिचा जीव आत आहे." ती बॉनेट उघडायला लावायची, इंजिनाला हळदकुंकू लावायची, अक्षता टाकायची आणि नारळ फोडून त्याचं पाणी वरून ओतायची. शिंपडायची नाही, ओतायची. अण्णा म्हणायचे, "अगो, थोडं. पुरे." ती म्हणायची, "वाडी आपली, नारळ आपले, आज तरी हात आखडता नको." दरवर्षी असंच. दरवर्षी काही झालं नाही. त्या वर्षी पाणी नेमकं त्या खाचेत साचलं, इतकंच.

बाकीचा हिशोब तर मी पोरांना फळ्यावर मांडून दाखवायची. नारळपाण्यात साखर आणि क्षार. ते सुकलं की वीज त्यावरून वाट काढते. सपाटीवर ठिणगीला फारसा जोर लागत नाही, ती मुकाट्याने आपल्या वाटेने जाते. चढावर इंजिनावर भार आला की ठिणगीला जड जातं, आणि मग ती सोपी चोरवाट धरते. एकदा त्या वाटेने गेली की वाट जळून काळी होते, आणि पुढे तीच तिची कायमची वाट. म्हणून संध्याकाळी सोनं वाटताना गाडी लोण्यासारखी चालली आणि दुसऱ्या दिवशी चढावर थांबली. शंकेलाही जागा नव्हती. पूजेच्या आदल्या दिवशी दादाने ते झाकण रॉकेलने लख्ख पुसलं होतं. त्या दिवसानंतर गाडी कधी चालली नव्हती, आणि आईने तिची पूजाही पुन्हा केली नव्हती. तो तांदूळ त्याच दसऱ्याचा होता.

चोर सोडून संन्याशाला सुळी दिली होती आमच्या घराने. आणि चोर तरी कुठे होता? देवाचं करायला गेलेली बाई होती ती. पण मला आधी राग आला, हे खरं. दादाची अख्खी उमर गेली. त्याचं घर सुटलं, हौस सुटली, या वाडीत त्याची मुलं कधी खेळली नाहीत. आणि ही पडवीत बसून सुपारी कातरतेय! त्या क्षणी तिच्यापुढे जाऊन झाकण आपटावं असं वाटलं. गेले नाही. तिच्या शहाऐंशी वर्षांकडे बघून गेले नाही. पण पक्कं ठरवलं की सांगायचं, आणि दादाच्या समोर सांगायचं. हळू सांगेन, समजावून सांगेन, पण सांगेन. सत्य आहे ते, ते कुणाच्या तरी अंगावर पडणारच. आजवर एकाच्या अंगावर पडलं होतं, तेही चुकीच्या.

दादाला फोन केला. "ये. गाडीतलं सापडलंय."

दुसऱ्या दिवशी तो आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला आणि तिथून रिक्षाने आला. केस पांढरे, खांदे वाकलेले. पडवीतून आईला "बरी आहेस ना?" विचारून तो थेट मागे आला, पण शेडच्या दारात थबकला. गाडीच्या अंगावरून नजर फिरवून म्हणाला, "रंग बघ कसा झालाय तिचा." मी त्याला स्टुलावर बसवलं आणि झाकण हातात दिलं. अंधारात दिसलेली ठिणगी सांगितली, काळी रेघ दाखवली, तांदूळ दाखवला. पूजेची आठवण करून द्यावी लागली नाही. गाडी त्यानेच पुसली होती, बॉनेट त्यानेच उघडून धरलं होतं.

बराच वेळ तो झाकण उलटसुलट करत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे प्लग नव्हते?"

"प्लग आजही चालतात, दादा. त्याच प्लगांवर मी काल गाडी चालू केली."

तो रडला. मोठ्याने, लहान मुलासारखा नाही, म्हाताऱ्या माणसासारखा, खोकत खोकत. मीही रडले, त्यात लपवायचं काय? मग डोळे पुसत म्हणाला, "बाय, मी अजून स्वप्नात तो पाना फिरवतो गो. अण्णा मागे कण्हतायत, आणि मी पाना फिरवतोय, फिरवतोय, प्लग काही घट्ट बसत नाही." मी म्हटलं, "घट्ट होता. पाइप लावून काढावा लागला मला." त्यावर तो हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं. माझं काम झालं. माझा भाऊ मला परत मिळाला.

पडवीतून हाक आली, "चहा गार होतोय रे!"

आम्ही दोघं पडवीत आलो. झाकण मी पदराखाली धरलं होतं, शब्द मनात जुळवलेले होते. आईने दादाच्या हातात कप दिला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "रडलास काय रे? काय सापडलं मग? काय झालं होतं गाडीला?"

तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत नव्हता. सुपारीचं तबक बाजूला सारलेलं होतं. मला तेव्हा कळलं की ती गेले कितीतरी दिवस पडवीत बसून इंजिनाचा प्रत्येक आवाज ऐकत होती, आणि घाबरत होती. कशाला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. ती पुढे बोलली, "मीच त्यांना म्हटलं होतं, गाडीने जाऊ. गावातल्या जीपवाल्याला हाक मारायला हवी होती का रे? का माझंच काही चुकलं?"

मी तोंड उघडलं. दादा माझ्या आधी बोलला.

"नाही गो आई. प्लगच होता. एक सैल राहिला होता. माझ्याच हातून."

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. बशीत चहा ओतला आणि फुंकर घालत बसला. अर्ध्या तासापूर्वी ह्याच माणसाच्या मानेवरून मी धोंड उतरवली होती. तो मोकळा होता. आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने ती पुन्हा उचलली, या वेळी ती आपली नाही हे ठाऊक असून. मला इतका संताप आला की कप फेकावासा वाटला. पण आईने सुपारीचं तबक पुन्हा पुढ्यात ओढलं होतं, तेही मी पाहिलं. झाकण मी पदराखालीच राहू दिलं.

आईने एक सुपारी कातरून संपवली. मग तिने हात पुढे केला आणि दादाच्या डोक्यावर ठेवला. "असो," म्हणाली. "पोर होतास. झालं गेलं. मी तुला माफ केलं हो." दादा वाकला आणि तिच्या पाया पडला. मग ती म्हणाली, "राहा आता दोन दिवस. सुनेला बोलावून घे. घरात तांदळाची बोरं केलीयत." हे ऐकायला त्याने जन्म काढला होता, आणि ते त्याला अशा किमतीत मिळालं.

रात्री जेवल्यावर मी त्याला वाडीत गाठलंच. "तुला वेड लागलंय का?" मी म्हटलं. तो म्हणाला, "तिच्याकडे दिवस किती उरलेत, बाय? मला सवय आहे. तिला कशाला नव्याने लावायची?" मी म्हटलं, "आणि माझ्या मेहनतीचं काय?" तो म्हणाला, "मला कळलं ना. बास झालं." मी झाकण त्याला दिलं. त्याने तो तांदूळ नखाने काढला, झाकण पुसलं, आणि दुसऱ्या दिवशी माणगावहून नवं आणून बसवलं. गाडी होमस्टेवाल्याकडे चालत गेली. पण चालवायला दादा बसला नाही. टेम्पोवाल्यानेच नेली.

आई त्यानंतर दीड पावसाळा होती. चांगली होती. दादा दर आठवड्याला यायचा, नातवंडं यायची, घर भरायचं. आणि आलेल्या प्रत्येकाला, पाहुण्याला, भाजीवालीला, पोस्टमनला, ती सांगायची की माझ्या पोराच्या हातून मोठी चूक झाली होती हो, पण मी मनात ठेवलं नाही, आईचं काळीज आहे ना. दादा शेजारी बसून सुपारी सोलत असायचा. मी उठून आत जायची. मला ते ऐकवायचं नाही. कधी कधी वाटायचं, आता बोलते, आता बोलते. मग त्या दोघांना एका झोपाळ्यावर बसलेलं बघायची आणि गप्प राहायची. बोलायला हवं होतं की नको होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही, आणि आता ठरवून उपयोगही नाही.

ती गेली त्या दिवशी सगळा गाव आला. होमस्टेवालाही आला. मंडळी पडवीत बसून तिच्याबद्दलच बोलत होती. गावातले एक वयस्कर काका सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाईचं मन मोठं. नवरा गेला ज्याच्या चुकीने, त्या मुलालासुद्धा तिने पोटाशी धरलं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि दादाकडे पाहिलं.

दादा हात जोडून उभा होता. म्हणाला, "हो, मन मोठं होतं तिचं."